काकांनी न ऐकलेलं गाणं

कानसेन हे त्याचं नाव ताईनं ठेवलं, आणि ते काही कौतुकानं ठेवलं नव्हतं. स्वतःला एक ओळ धड सुरात म्हणता येत नाही, पण दुसरा म्हणायला लागला की ज्याचं नाक सगळ्यात आधी मुरडतं, अशा माणसाला दुसरं काय म्हणायचं, असा तिचा सवाल होता. त्यानं मात्र ते पदवीसारखं लावून घेतलं. पुढे पुढे तर नवीन माणूस भेटला की तो स्वतःच 'मला कानसेन म्हणतात' असं सांगायला लागला, म्हणजे समोरच्यानं कारण विचारावं. समोरचा सहसा विचारत नसे.

पोटापाण्याचा उद्योगही कानाचाच. कानाच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात तो ऐकण्याची तपासणी करायचा. कपाटाएवढी एक खोली, आतून स्पंज लावलेली, बाहेरचा आवाज आत येऊ न देणारी. आत रुग्ण बसणार, कानांवर हेडफोन, हातात बटण. काचेच्या अलीकडे कानसेन, समोर सूर सोडणारं यंत्र. दिवसातून पंधरा वेळा तो तेच म्हणायचा: सूर ऐकू आला की बटण दाबा, कितीही बारीक असला तरी दाबा, नाही आला तर दाबू नका. मग कागदावर आलेख काढायचा. सात वर्षांत हात इतका बसला होता की कोणाला कोणत्या कानानं कमी ऐकू येतं हे माणूस दारातून आत येतानाच मला कळतं, असं तो चारचौघांत सांगायचा. हे वाक्य लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे ते त्याच्याच अंगावर येणार आहे.

पण हे सगळं सोमवार ते शुक्रवार. कानसेनचं खरं आयुष्य शनिवारी दुपारी चार वाजता सुरू व्हायचं.

किल्ल्या बनवणारा आणि लॉन्ड्री यांच्या मधून तीन पायऱ्या खाली उतरलं की जुन्या रेकॉर्डचं एक दुकान होतं. खाली रेकॉर्ड, वर रेकॉर्ड, मध्ये काका. काका सत्तरीचे. कोणतीही रेकॉर्ड मागा, न बघता हात मागे करून काढून द्यायचे. डोक्यावर एक पंखा होता, तो प्रत्येक फेरीला कुंई करून ओरडायचा. नऊ वर्षांपूर्वी कानसेन पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा सगळ्यात आधी त्याला हा पंखाच ऐकू आला. एवढ्या मोठ्या जाणकारानं त्याला तेल का घातलं नसेल, हा प्रश्न त्याला पडला नाही. जाणकारानं घातलं नाही म्हणजे त्यात काहीतरी असणार, असं त्यानं धरलं, आणि दोन-तीनदा त्या कुंईवर मानही डोलावली.

त्या पहिल्याच दिवशी, बावीस वर्षांच्या माणसाला शोभेल इतक्या आगाऊपणानं, त्यानं फोनवरचं एक गाणं काकांना ऐकवलं. हे कोणीच ऐकलेलं नाही, अशी प्रस्तावना केली. काकांनी फोन मोठ्या स्पीकरला जोडायला लावला, डोळे मिटले, डावा तळहात स्पीकरच्या लाकडावर टेकवला, वीसेक सेकंद तसेच राहिले आणि म्हणाले, "ऐकलंय."

कानसेनच्या आयुष्याला त्या दिवशी ध्येय मिळालं. या माणसाच्या तोंडून 'हे मी ऐकलं नव्हतं' हे चार शब्द काढायचे. बाकी माणसं घर बांधतात, मुलंबाळं वाढवतात. कानसेननं एक वही केली. दर शनिवारी एक नवीन गाणं, वहीत त्याचा क्रमांक, आणि क्रमांकापुढे काकांचा निकाल. निकालाचा रकाना भरायला त्याला विचार करावा लागला नाही. पहिल्या पानावर 'ऐकलंय' लिहिलं आणि पुढे नुसत्या 'वरीलप्रमाणे'च्या खुणा करत गेला.

गाणी तरी कुठून आणायची? सुरुवातीला फोनमधलं ॲप जे सुचवायचं ते तो न्यायचा. पण ताई त्याच्याच खात्यावर गाणी लावून व्यायाम करायची, त्यामुळे ॲपचा असा समज झाला की याला पोट कमी करायचंय. मग तो रेकॉर्डच्या पाकिटामागची बारीक अक्षरं वाचायला लागला. एका ढोलवाल्याचं नाव धरून त्याचा माग काढत तो तीन वाद्यवृंद, एक भांडण आणि एक घटस्फोट ओलांडून त्याच्या मेव्हण्यानं काढलेल्या एकुलत्या एका रेकॉर्डपर्यंत पोचला. काका म्हणाले, ऐकलंय. एकदा केशकर्तनालयात अर्धी दाढी झालेली असताना छतातल्या स्पीकरमधून काहीतरी विलक्षण वाजलं. तो तोंडाला फेस तसाच ठेवून खुर्चीवर उभा राहिला आणि गाणं ओळखायला फोन वर धरला. फोननं सांगितलं, ही विम्याची जाहिरात आहे. त्यानं तीही नेली. काका म्हणाले, ऐकलंय, याचा दुसरा भाग जास्त चांगला आहे.

नंतर त्यानं पहाटे उठून लांबच्या देशांची रेडिओ स्टेशनं ऐकायला सुरुवात केली. एका न कळणाऱ्या भाषेतल्या गाण्यानंतर निवेदिका जे बोलली ते त्यानं जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि त्या गायकाचा पंधरा दिवस शोध घेतला. पुढे कळलं की ते गायकाचं नाव नव्हतं, 'दुपारनंतर अंशतः ढगाळ' होतं. मग त्यानं नियम केला: ज्याला शंभराहून कमी लोकांनी ऐकलंय तेच घ्यायचं. एक बाई सापडली, तिचं गाणं अकराच वेळा ऐकलं गेलं होतं. तो इतका हरखला की आठवड्यात ते एकशेचाळीसवर गेलं. एवढ्या लोकांपर्यंत पोचल्यावर आता त्यात ती मजा राहिली नाही म्हणून त्यानं ते सोडून दिलं. ते एकशे एकोणतीस लोक कोण, हे ताईनं सांगेपर्यंत त्याच्या लक्षात आलं नाही.

काकांबद्दलचा आदर मात्र दर शनिवारी वाढतच होता. काका स्पीकर इतका मोठा लावायचे की शेजारची लॉन्ड्रीवाली भिंतीवर इस्त्री आपटायची. काका ढिम्म. टीकेकडे असं दुर्लक्ष करायला जिगर लागते, असं कानसेनला वाटायचं. आपण बोलत असलो की काका आपल्या तोंडावरून नजर हलवत नाहीत, इतकं मन लावून ऐकणारा माणूस आजच्या जगात दुर्मिळ. काका फोनवर कधी बोलत नाहीत, फोनवरचा पातळ आवाज त्यांच्या कानाला सोसत नसणार. आणि काका नेहमी मान उजवीकडे कलती ठेवून ऐकतात. ही लकब तर कानसेननं उचललीच होती. दवाखान्यातही तो तशी मान ठेवायचा, आणि डॉक्टर मॅडम त्याला उशी बदलायला सांगायच्या.

एका शनिवारी तो गेला तर काचेवर कागद. महिनाअखेर दुकान बंद होत आहे. काकांना विचारलं तर ते रेकॉर्ड पुसत म्हणाले की आता यात राम नाही, नवीन काही येतच नाही, हल्ली सगळं एकसारखंच वाजतं. नऊ वर्षं दर शनिवारी नवीन काहीतरी आणणाऱ्याच्या तोंडावर हे म्हटलं, आणि पुढची रेकॉर्ड घेतली.

वहीत चारशे तीस गाणी झाली होती. शनिवार उरले चार. आता शोधत बसण्यात अर्थ नव्हता. शोधलेली गोष्ट कोणीतरी आधी ऐकलेलीच असते. कानसेनच्या मते एकच मार्ग उरला होता, जे जगात नाहीच ते करायचं. मग बघू काका कुठून ऐकतात.

जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला सारून, त्यानं तपासणीच्या यंत्रावर स्वतःची रचना वाजवली. यंत्रातले सगळ्यात वरचे, सगळ्यात बारीक सूर, एकामागून एक, कधी जवळ कधी लांब. दीड मिनिटाची झाली. ध्वनिमुद्रण करून त्यानं ताईला ऐकवली. किटलीचा दात दुखत असेल तर ती असंच करेल, असं ताई म्हणाली. नवीन कलेला सुरुवातीला हे सोसावं लागतंच.

शनिवारी काकांनी डोळे मिटले. तळहात लाकडावर टेकवला. मान उजवीकडे. दुकानभर सुईसारखे सूर टोचत होते, लॉन्ड्रीवालीनं दोनदा इस्त्री आपटली. काकांना आज वीस सेकंद पुरले नाहीत. चाळीस झाले. कपाळावर आठी पडली.

"ऐकलंय," काका म्हणाले. "जरा जुनं आहे."

तो घरी कसा आला ते त्याला आठवत नाही. दुसऱ्या कोणाच्याही डोक्यात आलं असतं की म्हातारा थापा मारतोय. कानसेनच्या डोक्यात आलं की आपण चोरी केली. नकळत कुठेतरी ऐकलेलं असणार, ते डोक्यात राहिलं असणार आणि आपण ते आपलं म्हणून वाजवलं. सगळा रविवार तो मूळ रचनाकाराचा शोध घेत होता. सापडला असता तर माफीचं पत्र तयार होतं.

सोमवारी दवाखान्यात तो तेच ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा लावून चोरीचा उगम शोधत असताना मॅडम आत आल्या. हे काय लावलंयस म्हणून विचारलं. त्यानं सगळं सांगितलं, मनावरचं ओझं तेवढंच कमी होईल म्हणून. मॅडमनी पूर्ण ऐकून घेतलं आणि काकांचं वय विचारलं. सत्तर, एकाहत्तर असेल, तो म्हणाला.

"आवाज मोठा लावतात?"

"हो, म्हणजे त्यांना गाणं अंगावर घ्यायला आवडतं."

"बोलताना तोंडाकडे बघतात?"

"फार लक्ष देऊन ऐकतात, मॅडम."

"फोनवर बोलतात?"

"फोन त्यांना सोसत नाही," म्हणता म्हणता कानसेनचा आवाज बारीक होत गेला. मान उजवीकडे कललेली होती, ती त्यानं हळूच सरळ केली.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तू माझ्याकडे किती वर्षं आहेस?"

"सात."

"आजपासून पहिलं धर," त्या म्हणाल्या आणि पुढच्या रुग्णाला बोलवायला गेल्या.

संध्याकाळी त्यानं हे ताईला सांगायला नको होतं. ती आधी उभ्यानं हसली, मग बसून हसली, मग डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे नऊ वर्षं तू एका बहिऱ्या माणसाच्या परीक्षेला बसत होतास. आणि नापास होत होतास." पण रात्रीचं ताट वाढताना तिनं आपणहून विचारलं की मग आता काकांचं काय. दुकान बंद करून ते नुसते घरी बसणार का, काहीच ऐकू न येता. कानसेन दिवसभर आपल्या चारशे एकतीस गाण्यांचंच दुःख करत होता. हा प्रश्न त्याला पडला नव्हता.

काकांना दवाखान्यात आणणं सोपं नव्हतं. कान तपासूया म्हटल्यावर त्यांनी, माझ्या कानांना काय धाड भरलीय, एवढंच म्हणून पाठ फिरवली. तेव्हा कानसेननं थाप मारली. आमच्याकडे एक खोली आहे, बाहेरचा एक आवाज आत येत नाही, तिथे एक अशी चीज आहे जी कुठेच निघालेली नाही, एका वेळी एकालाच ऐकता येते. काका गुरुवारी इस्त्रीचा सदरा घालून हजर झाले.

त्यांना खोलीत बसवलं, हेडफोन घातला, बटण दिलं. कानसेननं रोजचं वाक्य समोर उभं राहून, तोंड नीट दिसेल असं म्हटलं. काकांनी डोळे मिटले. तळहात टेकायला लाकूड नव्हतं, तो त्यांनी गुडघ्यावर ठेवला. आणि बटण दाबायला लागले. जाणकाराला शोभेल अशा संथ लयीत, मध्येच एखादं हलकं, मध्येच एखादं ठाशीव. कानसेननं सूर बारीक केला, काकांनी दाबलं. अजून बारीक केला, दाबलं. त्यानं यंत्रावरचा हात काढला, काकांनी दाबलं. तो उठला, पाणी प्यायला, परत आला, तोपर्यंत काकांचं सहा वेळा दाबून झालं होतं. आलेखाप्रमाणे काकांना न वाजलेले सूरही स्वच्छ ऐकू येत होते.

कानसेननं दार उघडलं आणि उंबऱ्यावर बसला. काकांनी डोळे उघडले.

"काका, मी दोन मिनिटं काहीच लावलेलं नाही."

काकांनी हातातल्या बटणाकडे बघितलं. "पहिले दोन-तीन आले," ते म्हणाले. "जाडे होते ते. मग काही नाही."

"मग दाबत का होतात?"

"सवय."

नऊ वर्षांत एकदा तरी सांगायचंत, असं कानसेन म्हणाला. म्हणायचा हेतू समजुतीचा होता, पण वाक्य तक्रारीसारखं बाहेर पडलं. काकांनी हेडफोन काढून मांडीवर घेतला.

"टकल्यानं कंगवे विकले तर लोक हसतात, पण घेतात. बहिऱ्याकडून गाणं कोण घेतो?" मग स्पंजाच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "आणि मी नवीन आहे म्हटलं असतं, तर तू पुढच्या शनिवारी आला असतास का रे?"

कानसेननं हो म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं. त्याला स्वतःची चांगली ओळख होती. त्या दिवशी तो जिंकला असता, वर्षभर सगळ्यांना सांगत हिंडला असता आणि हरवायला दुसरे एखादे काका शोधले असते.

"आता खरं दाबा," तो म्हणाला. "आणि येत नाही तिथे दाबू नका. इथे तुम्हाला कोणी काही विचारणार नाही."

काकांनी हेडफोन पुन्हा घातला आणि या वेळी डोळे उघडे ठेवले. आलेख उतरत गेला, दुकानाच्या पायऱ्यांसारखा, फक्त तीनावर थांबला नाही. खालचे जाडे सूर शाबूत होते, वरचे सगळे गेलेले. कागदाकडे बघताना कानसेनला एकेक उलगडत गेलं. इतक्या वर्षांत त्यानं जे जे नेलं, त्यातले शब्द, सारंगी, बासरी, गाणारी बाई, काहीच काकांपर्यंत पोचलं नव्हतं. पोचलं होतं ते नुसतं धुम धुम, तळहातातून. चारशे एकतीस गाणी काकांसाठी एकच गाणं होतं. आणि ते त्यांनी खरोखरच ऐकलेलं होतं.

श्रवणयंत्रं यायला वेळ लागला. कानात बसणारे साचे घेतले, ते तयार होऊन आले, मॅडमनी सुट्टीच्या दिवशी येऊन स्वतः मापं लावली. तो महिन्यातला शेवटचा शनिवार होता. तपासणी झाल्यावर दोघं चालत दुकानाकडे निघाले. काकांना चालणं जमेना. दहा पावलांवर थांबायचे, हे काय म्हणून विचारायचे. कानसेन सांगायचा: तुमचा सदरा. हातातली पिशवी. तुमच्याच चपला. किल्लीवाल्यानं किल्लीवर कानस घासली तेव्हा काकांनी भिंतीचा आधार घेतला.

दुकानात शिरून त्यांनी सवयीनं पंख्याचं बटण दाबलं. कानसेननं फोन काढला. या दिवसासाठी त्यानं चारशे बत्तिसावं गाणं जपून ठेवलं होतं, आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं. तो तार जोडणार इतक्यात काकांनी बोट वर केलं. डोळे मिटले. मान उजवीकडे गेली, मग त्यांचं त्यांनाच काही सुचलं आणि ती सरळ झाली. वर पंखा प्रत्येक फेरीला कुंई करत होता. काकांनी त्याच्या पुरत्या दहा-बारा फेऱ्या ऐकल्या.

"हे मी ऐकलं नव्हतं," ते म्हणाले.

कानसेन तार हातात धरून उभा राहिला. नऊ वर्षं, एक वही, केशकर्तनालयातली ती अर्धी दाढी, आणि ते चार शब्द गेले कोणाला, तर पंख्याला. त्यातही पंख्यानं त्यासाठी काहीच केलं नव्हतं, रोजचंच केलं होतं.

"हा असा किती दिवस ओरडतोय?" काकांनी विचारलं.

"मी आल्यापासून."

"मग बोलला का नाहीस?"

मला ते मुद्दाम वाटलं, असं कानसेननं सांगितलं. काकांनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग खुर्ची ओढून बसले, फोन खाली ठेवायची खूण केली आणि ती वही काढ म्हणाले. तो नवीन गाणं, आजचं गाणं असं काहीतरी पुटपुटला. काका म्हणाले, आजचं आज राहू दे, पहिल्यापासून लाव.

पहिल्यापासून. कानसेननं पहिलं पान उघडलं आणि त्याच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. क्रमांक एक म्हणजे बारा मिनिटांची एक चीज होती. त्यात एक माणूस न्हाणीघरात बादलीवर चमचा आपटत एकच शब्द ओरडत होता, आणि बावीस वर्षांच्या कानसेननं त्याला 'उद्याचं संगीत' म्हटलं होतं. वहीत तसं लिहिलेलंही होतं, दोनदा अधोरेखित. दुसरं लावतो, तो म्हणाला. काका म्हणाले, एक.

त्यानं एक लावलं. काकांनी तळहात लाकडावर न टेकवता मांडीवर ठेवला. सहाव्या मिनिटाला भिंतीवर इस्त्री आपटली.

"ही बाई नेहमी वाजवते?"

"नऊ वर्षं."

"बरोबर आहे तिचं," काका म्हणाले आणि त्यांनी आवाज थोडा कमी केला. पण बंद केलं नाही. बारा मिनिटं, शेवटच्या चमच्यापर्यंत, त्यांनी डोळे मिटून ऐकलं. कानसेन वहीकडे बघत राहिला. दुसरीकडे बघण्यासारखं तोंड त्याच्याकडे नव्हतं.

गाणं संपलं. काकांनी कानातलं यंत्र बोटानं चाचपून पाहिलं, नीट बसलंय ना म्हणून.

"हे मी ऐकलं नव्हतं," ते म्हणाले.

कानसेननं निकालाच्या रकान्यात लिहायला पेन काढलं.

"ऐकू येत नव्हतं तेव्हा बरं चाललं होतं," काका म्हणाले. मग उठून त्यांनी काचेवरचा दुकान बंद होत असल्याचा कागद काढला, घडी करून वहीत खुणेला ठेवला आणि परत येऊन खुर्चीत बसले.

"पुढचं लाव."